पिकअपचा एअर फिल्टर: कधी बदलायचा, कसा बदलायचा आणि कधी हातही लावायचा नाही

तुर्भे, महापे, तळोजा, कळंबोली या पट्ट्यात पिकअप चालवणाऱ्यांमध्ये एक सवय पक्की रुजलेली आहे. टायरमध्ये हवा भरायला थांबलं की बोनेट उघडायचं, एअर फिल्टर बाहेर काढायचा, टायरवर दोन-चार वेळा आपटायचा, त्याच कॉम्प्रेसरच्या नळीने हवा मारायची आणि परत डब्यात टाकून निघायचं. पाच मिनिटांचं काम, खर्च काही नाही आणि गाडीची काळजी घेतल्याचं समाधान. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडच्या पिकअपची इंजिनं रस्त्यावरच्या धुळीपेक्षा या पाच मिनिटांमुळे जास्त लवकर जातात. फिल्टर वेळेवर बदलायला हवाच. पण बदलण्याच्या दोन वेळांच्या मध्ये त्याला जितका कमी हात लागेल तितकं इंजिन जास्त टिकतं. आणि बदलताना फिल्टरच्या कागदाइतकंच लक्ष त्याच्या कडेच्या रबराकडे, डब्याच्या झाकणाकडे आणि पुढच्या होजकडे, म्हणजे इंजिनाकडे हवा नेणाऱ्या रबरी नळीकडे, द्यावं लागतं.

आधी इंजिन किती हवा ओढतं ते बघू. बोलेरो पिकअपसारख्या गाडीचं डिझेल इंजिन साधारण अडीच लिटरचं असतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना सगळे सिलिंडर एकदा हवेने भरतात. म्हणजे २००० आरपीएमला, मिनिटाला २००० फेऱ्या धरल्या तर, मिनिटाला २५०० लिटर आणि तासाला दीड लाख लिटर हवा आत जाते. टर्बो दाब वाढवतो तेव्हा याहूनही जास्त. दुसऱ्या बाजूने हिशेब करायचा तर एक लिटर डिझेल पूर्ण जळायला सुमारे १२ किलो, म्हणजे जवळपास दहा हजार लिटर हवा लागते आणि डिझेल इंजिन नेहमी गरजेपेक्षा जास्तच हवा घेऊन चालतं. क्रशरजवळच्या, रेडीमिक्स प्लांटजवळच्या किंवा मेट्रोच्या खोदकामाशेजारच्या रस्त्यावरची ही सगळी हवा एअर फिल्टरच्या घडीच्या एका कागदातून जाते.

त्या हवेतली दगडाची, वाळूची, सिमेंटची बारीक धूळ लोखंडाला घासते. सिलिंडरचा लायनर आणि पिस्टनची रिंग यांच्यामध्ये ऑइलचा जो थर असतो तो काही मायक्रॉनचा. डोळ्याला सहज न दिसणारे कण त्याच मापाचे असतात, म्हणून सगळ्यात जास्त झीज तेच करतात. मोठा खडा निदान आवाज तरी करेल. ही बारीक धूळ गुपचूप रिंगा झिजवते, मग गाडी ऑइल प्यायला लागते, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, धूर येतो, मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन मारतेय’ म्हणतो आणि इंजिन खोलायची वेळ येते. टर्बो असेल तर त्याच्या पात्यांच्या कडाही याच धुळीने खाल्ल्या जातात. काही शे रुपयांचा फिल्टर आणि रिंगा-लायनरचं काम यांच्या खर्चातला फरक कुठल्याही गाडीमालकाला सांगावा लागत नाही.

आता एक गोष्ट, जी ऐकून बरेच जण मान हलवतात, पण ती खरी आहे. कोरा फिल्टर सगळ्यात चांगला गाळतो असं नाही. चहाच्या गाळणीत चोथा साचला की बारीक भुकटीही त्यात अडकते, फक्त चहा हळू पडतो. एअर फिल्टरचं तसंच आहे. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच पुढची बारीक धूळ अडवायला लागतो. त्यामुळे थोडा मळलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा बारीक गाळतो. थर फार जाड झाला की हवा कमी पडते, तेव्हा तो बदलायचा. मधल्या काळात तो झटकून ‘साफ’ करणं म्हणजे तयार झालेली गाळण मोडणं आणि कागदात नवी भोकं पाडण्याचा धोका पत्करणं.

म्हणून रंग बघून घाबरू नका. वरून करडा झालेला फिल्टर अजून बराच चालू शकतो.

किती किलोमीटरला?

पहिला आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातला. प्रत्येक मॉडेलचा तो वेगळा असतो आणि पुस्तकात सहसा ‘धुळीच्या भागात लवकर’ अशी सूचनाही असते. आपल्याकडचे बहुतेक पिकअप त्या सूचनेतच मोडतात. मी साधा नियम धरतो. दर ५००० किलोमीटरला झाकण उघडून नुसतं बघायचं आणि रोजचा रस्ता कच्चा किंवा बांधकामाचा असेल तर पुस्तकातल्या आकड्याच्या निम्म्यावर नवीन टाकायचा.

रस्ता कुठला यावर खरंच फार अवलंबून असतं. वाशीच्या एपीएमसीतून सकाळी भाजी उचलून ठाण्यात आणि मुलुंडला पोहोचवणारी गाडी जवळपास पूर्ण वेळ डांबर-काँक्रीटवर असते. पण ती ट्रॅफिकमध्ये तासन् तास इंजिन चालू ठेवून उभी राहते. किलोमीटर कमी आणि ओढलेली हवा जास्त, म्हणून अशा गाडीला नुसता किलोमीटरचा हिशेब फसवतो. उलवे-पनवेल बाजूला खडी, रेती, ग्रिट वाहणाऱ्या गाडीचा डबा महिन्याभरात भरलेला दिसू शकतो. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम आणि उखडलेला रस्ता, शिळफाट्याला अवजड वाहनांच्या रांगा, भिवंडीच्या गोदामांकडचे कच्चे रस्ते, तळोजा एमआयडीसीत पुढच्या ट्रेलरच्या मागे मागे जाणं, या सगळ्यात पुढच्या गाडीची उडालेली धूळ थेट तुमच्या इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या तोंडात, जाते. शक्य असेल तिथे कच्च्या रस्त्यावर पुढच्या वाहनापासून अंतर वाढवा. फिल्टरचं आयुष्य वाढवण्याचा हा फुकटचा उपाय आहे आणि ड्रायव्हरला एकदा नीट समजावला की तो पाळतो.

कांदा-बटाटा मार्केटात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा एक खास त्रास आहे. कांद्याची सुकी सालं वाऱ्याने उडतात आणि इनटेकच्या तोंडाशी चिकटतात. दाणाबाजारात कोंडा आणि गोणीचे धागे तेच करतात. फिल्टर कोरा असतो, पण तोंडच बुजलेलं असल्याने गाडी ओढत नाही. बोनेट उघडून ते तोंड हाताने साफ करायला अर्धा मिनिट लागतो आणि फिल्टरचा डबा उघडायची गरजही पडत नाही.

फिल्टर भरल्याची लक्षणं कुठली? डिझेल गाडीत लोड असताना चढावर, समजा मुंब्रा बायपासवर, काळा धूर वाढतो, गाडी वेग घ्यायला वेळ लावते, खालचा गिअर लवकर घ्यावा लागतो. पीयूसीला धुराचा आकडा वर जातो. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या बीएस-६ गाड्यांत हवा कमी पडली की काजळी जास्त बनते आणि डीपीएफ लवकर लवकर भरतो. सीएनजी आणि पेट्रोलच्या आधुनिक गाड्यांत मात्र हवेच्या मापाने इंधन दिलं जातं, त्यामुळे ॲव्हरेज फारसा पडलेला दिसणार नाही, पण ओव्हरटेक करताना गाडीचा जोर कमी पडतो. ही सगळी लक्षणं दुसऱ्या बिघाडांचीही असू शकतात. इंजेक्टर, टर्बोचा होज, थोडा धूर परत इंजिनात पाठवणारा ईजीआर यांतलं काही बिघडलं तरी धूर काळाच येतो. पण फिल्टर बघणं स्वस्त आहे, म्हणून आधी तो बघायचा. काही गाड्यांत डब्याजवळ एक छोटी पारदर्शक नळी असते, तिच्यात लाल पट्टी वर आली की फिल्टर भरला. ती असेल तर तुमच्या नजरेपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवा आणि नवीन फिल्टर टाकल्यावर तिचं बटण दाबून ती परत खाली न्यायला विसरू नका.

फिल्टर विकत घेताना

गाडीचं मॉडेल, वर्ष आणि बीएस-४ की बीएस-६ हे सांगूनच घ्या. एकाच नावाच्या पिकअपला वेगवेगळ्या वर्षी वेगळे फिल्टर आले आहेत. सगळ्यात उत्तम म्हणजे जुन्या फिल्टरच्या कडेवर छापलेला पार्ट नंबर मोबाइलवर टिपून दुकानात न्या. कंपनीचा घ्या किंवा बॉश, पुरोलेटर, इलोफिक, फ्लीटगार्ड यांसारख्या नावाजलेल्या बनावटीचा घ्या, पण पक्क्या बिलावर घ्या. नकली डबे हुबेहूब छापलेले असतात, म्हणून डब्यापेक्षा आतला माल तपासा. कागदाच्या घड्या सारख्या अंतरावर आणि सरळ असाव्यात. बोटाने हलकेच बाजूला केल्या तर त्या लोळू नयेत. घड्यांच्या टोकांना डिंक सलग लागलेला हवा, कुठेही फट नको. कडेचं रबर दाबलं की दबून परत वर यायला हवं. कडक, प्लास्टिकसारखं रबर असेल तर तो फिल्टर तिथेच ठेवा, कारण तो डब्यात बसेल पण हवा अडवणार नाही. जुना फिल्टर सोबत असेल तर दोन्ही शेजारी ठेवून लांबी, रुंदी, उंची आणि घड्यांची खोली जुळवा. घड्यांची संख्या डोळ्यात भरण्याइतकी कमी असेल तर कागद वाचवला आहे आणि तो फिल्टर लवकर भरणार.

काम कुठे आणि कशाने

वारा नसलेली, धूळ न उडणारी जागा निवडा. रस्त्याच्या कडेला, जिथून डंपर जात आहेत तिथे हा डबा उघडू नका. सोसायटीचं पार्किंग किंवा गोदामाची फरशी चालेल. इंजिन बंद, किल्ली काढलेली, आणि गाडी नुकतीच आली असेल तर वीस-पंचवीस मिनिटं थंड होऊ द्या. टर्बोच्या आसपास हात जाणार असेल तर जास्तच. लागणारी हत्यारं मोजकी आहेत. क्लिपवाला डबा असेल तर फक्त हात. स्क्रू असेल तर स्टारचा पेचकस, होजच्या क्लॅम्पला आठ किंवा दहा नंबरचा पाना. याशिवाय दोन स्वच्छ सुती फडकी, एक पांढरं आणि एक ओलं करायला, एक टॉर्च, एक जुना रंगाचा ब्रश आणि एक मार्कर पेन.

डबा कुठे आहे हे शोधायला इंजिनापासून उलटं जा. इंजिनाच्या किंवा टर्बोच्या तोंडाला लागलेला जाड रबरी होज धरून मागे गेलात की काळ्या प्लास्टिकचा डबा सापडतो. काही गाड्यांत तो चौकोनी असतो आणि आत चपटा फिल्टर, काहींत नळकांड्यासारखा गोल असतो आणि आत उभा फिल्टर. एसीच्या केबिन फिल्टरशी याची गल्लत करू नका. तो डॅशबोर्डच्या मागे असतो आणि त्याचा इंजिनाशी संबंध नाही.

बदलण्याचं काम

झाकण उघडण्याआधी डबा बाहेरून पुसा. हे काम बहुतेक जण टाळतात आणि नेमकी तिथेच चूक होते. झाकणाच्या जोडावर साचलेली धूळ क्लिप उघडताच आत पडते. ब्रशने जोड आणि क्लिपा मोकळ्या करा, मग ओल्या फडक्याने पुसून घ्या.

झाकणाजवळ वायरचा कनेक्टर दिसला तर तो बहुधा एमएएफ सेन्सरचा, म्हणजे आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा असतो. झाकण उचलताना वायर ताणली जात असेल तरच कनेक्टर काढा. त्याचं लॉक दाबून काढा, वायर ओढून कधीच नाही. त्या सेन्सरच्या आतली तार फार नाजूक असते. तिला बोट, फडकं किंवा कॉम्प्रेसरची हवा लागू देऊ नका. मळली असेल तर त्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो, तोच वापरा किंवा मिस्त्रीकडे द्या.

क्लिपा एकदम उघडू नका, समोरासमोरच्या जोडीने उघडा. झाकण वर उचला आणि फिल्टर काढण्याआधी थांबा. टॉर्चने बघा. फिल्टर कसा बसलाय, कुठली बाजू वर, रबराची कड कुठल्या खाचेत आहे? मोबाइलने एक फोटो काढून ठेवा. पहिल्यांदा करणाऱ्याला हा फोटो नंतर फार कामी येतो.

आता फिल्टर सरळ वर उचला, तिरका करून ओढू नका. तिरका केला की घड्यांत साचलेली माती डब्यात सांडते, आणि गोल फिल्टरमध्ये तर ती थेट आतल्या स्वच्छ बाजूला पडते. गोल फिल्टर घट्ट चिकटला असेल तर हळू फिरवत बाहेर काढा. बाहेर आला की लगेच इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडावर स्वच्छ फडकं लावा. काही गोल डब्यांत मोठ्या फिल्टरच्या आत एक छोटा, सहसा फेल्टचा फिल्टर असतो. तो शेवटचा पहारेकरी आहे. तो साफ करायचा नसतो, झटकायचाही नसतो. मोठा फिल्टर बदलताना तो जागेवरच राहू द्या आणि पुस्तकात सांगितलेल्या वेळी, साधारण मोठा फिल्टर तीनदा बदलला की, नवीन टाका. तो मळलेला दिसला तर अर्थ वेगळा: मोठ्या फिल्टरला भोक आहे किंवा तो नीट बसलेला नव्हता.

स्वच्छ बाजू वाचणं

या सगळ्या कामात सर्वात महत्त्वाचं हेच आहे. मळलेल्या बाजूला धूळ असणारच, ती बघून काही कळत नाही. फिल्टरच्या पुढची बाजू, म्हणजे गाळलेली हवा जिथून इंजिनाकडे जाते ती बाजू बघा. फडकं क्षणभर बाजूला करून, बोटावर पांढरं फडकं गुंडाळून नळीच्या तोंडाच्या आतून फिरवा. ते पांढरंच राहिलं किंवा किंचित ऑइलचा डाग आला तर ठीक. करडी पूड लागली तर धूळ आत जात होती आणि किती दिवस जात होती ते कोणालाच माहीत नाही. अशा वेळी नुसता नवा फिल्टर टाकून झाकण लावणं म्हणजे दार उघडं ठेवून कुलूप बदलणं.

मग धूळ कुठून आली ते शोधायचं. जुन्या फिल्टरचं रबर हातात घेऊन पूर्ण गोल फिरवून बघा. चांगल्या बसलेल्या रबरावर सगळीकडे सारखी, स्वच्छ दाबाची रेष उमटलेली असते. जिथे ती रेष तुटते आणि धुळीचा पट्टा रबर ओलांडून आत गेलेला दिसतो तिथूनच हवा चोरून जात होती. कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं: क्लिप तुटलेली, झाकण तडकलेलं, किंवा फिल्टरच चुकीचा. तुटलेल्या क्लिपच्या जागी तार बांधलेले डबे आपल्याकडे सर्रास दिसतात. तार दाब सारखा देत नाही. नवं झाकण किंवा नवा डबा घ्या, तो खर्च वाया जात नाही.

फिल्टर, रबर, झाकण सगळं ठीक असूनही धूळ असेल तर होज तपासा. डबा आणि टर्बो यांच्यामधला होज ओढीच्या बाजूला असतो. त्यात तडा असेल तर इंजिन तिथून न गाळलेली हवा ओढतं आणि फिल्टर कितीही चांगला असला तरी काही उपयोग नसतो. तडे सहसा होजच्या घड्यांच्या खोलगट भागात लपतात, म्हणून होज दोन्ही हातांनी थोडा वाकवून टॉर्चने घडी घडी उघडून बघा. खालची बाजू बोटाने चाचपा, कारण बॅटरीला किंवा ब्रॅकेटला घासून तो खालूनच कापला जातो. क्लॅम्प हाताने फिरत असेल तर तो सैल आहे. होजवर टेप गुंडाळलेली दिसली तर तो होज बदला.

होजच्या आत ऑइलची हलकी ओल असणं सामान्य आहे, कारण इंजिनाचा ब्रीदर तिथेच जोडलेला असतो. पण फिल्टरचा कागदच ऑइलने भिजलेला मिळाला तर एकतर ऑइल जास्त भरलं आहे, नाहीतर इंजिनाच्या रिंगा उतरायला लागल्या आहेत. नवा फिल्टर टाकून तो विषय मिटत नाही, मिस्त्रीला दाखवा.

डबा साफ करणं आणि नवा बसवणं

नळीचं तोंड फडक्याने बंद आहे याची खात्री करून डब्याच्या तळाची माती ओल्या फडक्याने उचलून घ्या. इथे कॉम्प्रेसरची हवा मारू नका. बंद डब्यात हवा मारली की धूळ चारी बाजूंना उडते आणि त्यातली काही नेमकी स्वच्छ बाजूला बसते. तळाला पाणी जाण्यासाठी छोटं भोक किंवा रबरी तोंड असतं, ते चिखलाने बुजलेलं असेल तर काडीने मोकळं करा. गोल डब्यांच्या खाली चोचीसारखं रबर लोंबत असतं, धूळ आपोआप खाली पडावी म्हणून. ते चिमटीत दाबून बघा, माती पडेल. ते फाटलं असेल तर नवीन लावा आणि झाकण बसवताना ते खालच्या बाजूलाच येईल असं बघा. गोदामाच्या आवारात रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या डब्यात उंदरांनी आणून ठेवलेले चिंध्या, धान्य, कागद सापडतात. तसं दिसलं तर फिल्टरचा कागद कुरतडलाय का ते नीट बघा.

डबा पूर्ण कोरडा झाला की नळीवरचं फडकं काढा. फडकं आत विसरू नका. ते टर्बोत गेलं तर खर्च फार मोठा होतो. नवा फिल्टर प्लास्टिकमधून याच क्षणी काढा, आधी नाही. फोटोत बघितल्याप्रमाणे तो खाचेत ठेवा आणि कागदावर न दाबता फक्त कडेवर अंगठ्यांनी चारी बाजू दाबा. रबर कुठे दुमडलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. रबराला ग्रीस किंवा सिलिकॉन लावायची पद्धत काही ठिकाणी आहे, त्याची गरज नाही. ग्रीसला धूळ चिकटते आणि पुढच्या वेळी तीच आत पडते.

झाकणाच्या एका बाजूला खुंट्या असतात, त्या आधी खाचांत अडकवा आणि मग क्लिपांची बाजू खाली आणा. क्लिप लावायला ताकद लागत असेल तर जबरदस्ती करू नका. फिल्टर वाकडा बसलाय किंवा खुंटी सुटली आहे, उघडून परत बसवा. समोरासमोरच्या क्लिपा जोडीने लावा. कनेक्टर टक् आवाज येईपर्यंत दाबा. होज काढला असेल तर क्लॅम्प आवळा, पण प्लास्टिकच्या नळीवर इतका नको की ती चिरेल.

इंजिन चालू करून मिनिटभर ऐका. डब्याजवळ किंवा होजजवळ सूं सूं असा आवाज येत असेल तर कुठेतरी फट आहे. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला तर आधी सेन्सरचा कनेक्टर बघा. सगळं ठीक असेल तर मार्करने डब्याच्या झाकणावर तारीख आणि किलोमीटर लिहून टाका. ड्रायव्हर बदलला, मिस्त्री बदलला तरी हे अक्षर तिथेच राहतं.

हवा मारायचीच असेल तर

कधीकधी खरंच नाइलाज असतो. रात्री पनवेलला गाडी ओढत नाही, दुकानं बंद आणि माल सकाळी पोहोचवायचा आहे. अशा वेळी एकदाच, नवीन फिल्टर मिळेपर्यंतची सोय म्हणून, नीट करा. गॅरेजच्या कॉम्प्रेसरचा दाब सहसा १०० पीएसआयच्या वर असतो. तो ३० पीएसआयच्या खाली आणून मगच हवा मारा. आधी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडा, पावसाळ्यात ते नळीतून फवाऱ्यासारखं येतं. हवा नेहमी स्वच्छ बाजूने मळक्या बाजूकडे मारायची आणि नळीचं तोंड कागदापासून निदान वीतभर लांब ठेवायचं. उलट मारली तर धूळ कागदात आणखी खोल रुतते. मग अंधारात जाऊन फिल्टरच्या आतून टॉर्च लावा. कागदातून सारखा मंद उजेड दिसायला हवा. एखादा टोकदार चमकणारा ठिपका दिसला तर ते भोक आहे आणि तो फिल्टर कामाचा राहिला नाही. पाण्याने धुणं, रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवणं, उन्हात वाळवून परत घालणं, यातलं काहीही कागदी फिल्टरला चालत नाही. कागदाची वीण एकदा फुगली की परत पूर्वीसारखी होत नाही.

धुऊन पुन्हा वापरायचे, तेल लावायचे सुती जाळीचे फिल्टर बाजारात मिळतात. मालवाहू पिकअपला मी ते सुचवत नाही. तेल थोडं जास्त झालं तर ते एमएएफ सेन्सरवर बसतं आणि धुळीच्या रस्त्यावर चांगला कागद जास्त बारीक गाळतो. जुन्या जीपगाड्यांना आणि ट्रॅक्टरला असतो तो तेलाच्या वाटीचा क्लीनर वेगळाच प्रकार आहे. त्यात वाटीच्या तळाची माती काढून खुणेपर्यंत नवं ऑइल भरायचं, खुणेच्या वर नाही.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर धूळ कमी होते, म्हणून फिल्टर विसरला जातो. पण ओला कागद हवा नीट जाऊ देत नाही, आणि मेच्या अखेरीस धुळीने भरलेला फिल्टर पहिल्याच जोराच्या पावसात भिजला की त्या धुळीचा चिखल होतो. माझ्या मते नव्या फिल्टरची योग्य वेळ म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या आधीचा आठवडा. त्याच वेळी डब्याच्या तळाचं पाण्याचं भोक मोकळं करा.

पाणी साचलेल्या सबवेत किंवा नाल्याकाठच्या रस्त्यावर गाडी घालण्याआधी तुमच्या गाडीचं इनटेकचं तोंड जमिनीपासून किती उंच आहे ते माहीत असायला हवं. बोनेट उघडा आणि एकदा टेपने मोजा. पुढून येणारी बस लाट उठवते, म्हणून उभ्या पाण्याची मर्यादा त्या उंचीच्या बरीच खाली धरा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. किल्ली बंद करा, गाडी ढकलून किंवा टो करून कोरड्या जागी आणा, मग एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर कोरडा आणि डब्याचा तळ कोरडा असेल तर पाणी हवेच्या वाटेने गेलेलं नसण्याची शक्यता जास्त, दुसरी कारणं शोधा. फिल्टर ओला असेल तर मिस्त्री येऊन इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून सिलिंडर मोकळे करेपर्यंत गाडीला हात लावू द्यायचा नाही, मग मालाची कितीही घाई असली तरी.

एकापेक्षा जास्त गाड्या असतील तर प्रत्येक गाडीच्या सीटमागे एक सीलबंद फिल्टर ठेवा, त्याच मॉडेलचा, प्लास्टिक न फोडता. ड्रायव्हरला सांगून ठेवा की रस्त्यात हवा मारण्यापेक्षा तो टाकायचा आणि जुना परत आणायचा. जुना फिल्टर टेबलावर ठेवून त्याच्या रबराची रेष ड्रायव्हरसोबत बघा. कुठल्या गाडीचा डबा नीट बंद होत नाही ते त्यावरून कळतं आणि पुढच्या फेरीआधी दुरुस्त करता येतं.